तिसरं उत्तर

"निळा," काकू ठामपणे म्हणाल्या.

"हेही चुकलं, काकू," फोनवरची मुलगी म्हणाली. "मघाशी पांढरा चुकला, आता निळा. आता एकदाच. तिसरं उत्तर चुकलं, की त्यांचं सगळं कायमचं पुसलं जाणार."

आता बोला! प्रश्न काय, तर 'पत्नीचा आवडता रंग कोणता?' आणि खुद्द पत्नीलाच उत्तर येईना.

काकांना जाऊन चार महिने झाले होते. त्यांचा फोन त्यांच्याबरोबरच जिन्यावरून पडला आणि फुटला. पण त्यावर त्यांनी बोलून ठेवलेले सगळे निरोप फोनच्या कंपनीकडे शाबूत होते. "पोचलो गं," "किल्ली घेतलीस का," असलंच काहीबाही. काकूंना तेवढंच हवं होतं. घर इतकं गप्प झालं होतं, की फ्रिजची घरघर सुरू झाली तरी त्यांना बरं वाटायचं.

"अगं, बायको आहे मी त्यांची! मृत्यूचा दाखला पाठवला, लग्नाचा पाठवला. अजून काय पाठवू?"

"कायदाच तसा आहे, काकू. माणूस गेला तरी त्याचं खाजगी ते खाजगीच. वारस म्हणून त्यांनी तुमचंच नाव दिलंय, पण प्रश्नही त्यांनीच घातलाय. उत्तर मलासुद्धा दिसत नाही."

"अडतीस वर्षं संसार केला, आणि या माणसाला साधा माझा आवडता रंग माहीत नाही!" काकूंना रडूच फुटलं. "थांब जरा," म्हणत त्यांनी रुमालासाठी कपाट उघडलं.

वरच्या कप्प्यात अकरा स्वेटर होते. सगळे शेवाळी. एकही अंगाला न लागलेला.

काकांनी पहिला आणला तेव्हा तोंडावर नाही कसं म्हणायचं, म्हणून त्या म्हणाल्या होत्या, "अय्या, अगदी माझ्या मनातला रंग!" झालं. मग दर वाढदिवसाला तोच. आणि दर वर्षी काकूंचंही तेच, "इतका छान आहे, जपून ठेवते."

"शेवाळी," त्या फोनमध्ये हळूच म्हणाल्या.

पलीकडे बटणं वाजली.

"उघडलं, काकू! पाठवते सगळं. जीव टांगणीला लागला होता माझा! एवढा आवडता रंग, आणि विसरलात कशा?"

भर दुपारच्या उकाड्यात काकूंनी एक स्वेटर अंगात चढवला होता. दुकानाची चिठ्ठी मानेला टोचत होती.

"फार आवडतो गं," त्या म्हणाल्या. "ह्यांनाच तेवढं ठाऊक होतं."