तेलात शिरलेली हवा

धाकट्याने सायकल थोरल्या भावाच्या दुकानाच्या पायरीशी उभी केली आणि कसा आहेस, बरा आहेस, यातलं काहीही न विचारता सरळ कामाचं बोलायला लागला. डोंगरात चालवायची महागडी सायकल होती. हँडलवरचं बटण दाबून बसलं की सीट खाली जाते, उठून बटण दाबलं की आपोआप वर येते, अशी. पण आता वर आलेली सीट वर राहत नव्हती. माणूस बसला की दोन बोटं खचायची. गिऱ्हाईकाची दुसऱ्या दिवशी शर्यत होती. धाकटा कामाला होता त्या शोरूममध्ये त्याने दोनदा हवा भरून पाहिली होती, केबलही बदलली होती.

थोरल्याने हातातलं चाक खाली ठेवलं. दीड वर्ष भाऊ इकडे फिरकला नव्हता. अडला नारायण गाढवाचे पाय धरी, असं त्याच्या मनात आलं; पण मग गाढव आपणच ठरतो, म्हणून त्याने तो विचार तिथेच सोडला.

त्याने तळहाताने सीट दाबली, सोडली, पुन्हा दाबली.

"हवा भरून काय होणार? हवाच नको तिथे शिरलीय. तेलात."

त्याने सीटचा दांडा काढला, आतला दाब सोडला आणि दांडा उघडला. जुनं तेल साबणाच्या पाण्यासारखं फेसाळून बाहेर आलं. त्याने रबरी रिंगा बदलल्या आणि नवं तेल थेंबाथेंबाने ओतलं. धाकट्याने कागदाच्या घडीत धरून दांडा सरळ ठेवला, तेवढंच.

दुकानाच्या मागच्या भिंतीतलं दार आईच्या खोलीत उघडायचं. ते अर्धवट लोटलेलं होतं. धाकट्याचा आवाज आल्यापासून आत खाट करकरली होती, नळ सुटला होता, बंद झाला होता. आता काहीच ऐकू येत नव्हतं.

"बुडबुडे वर यायला वेळ लागतो," थोरला म्हणाला. "दहा मिनिटं. तोवर आत जाऊन ये."

धाकट्याने दाराकडे पाहिलं. मग खिशातून फोन काढला. फोन वाजला नव्हता, तरी तो कानाला लावून रस्त्यावर गेला आणि समोरच्या फुटपाथवर येरझाऱ्या घालत राहिला.

तेल तीनच मिनिटांत निवळलं. थोरल्याने दहाची वीस केली. पुसलेले पाने पुन्हा पुसले. शेवटी किती वेळ काढणार? त्याने दांडा बंद केला, पंपाने दाब भरला, सायकलला बसवला आणि भावाला हाक मारली.

धाकटा सीटवर बसला. अंगाचा सगळा भार टाकून दोनदा उसळून पाहिलं. सीट केसभरही हलली नाही. तो मनापासून हसला आणि क्षणभर थोरल्यालाही बरं वाटलं. मग आवाज खाली आणून धाकट्याने सांगितलं की शोरूममध्ये सगळे समजतात, ही कामं त्याला येतात. तेव्हा हे कुठे बोलू नकोस. थोरल्याने मान डोलावली.

"आईचं कसं काय?" निघता निघता धाकट्याने विचारलं.

"आत आहे. तिलाच विचार."

"पुढच्या वेळी निवांत येतो. आता हे तेलकट हात घेऊन कुठे जाऊ?"

थोरल्याने त्याच्या हातांकडे पाहिलं. नखांतसुद्धा काळं नव्हतं. धाकट्याने सायकल वळवली आणि कोपऱ्यावरून दिसेनासा झाला.

थोरला हात न धुताच आत गेला. आई खाटेच्या कडेवर ताठ बसली होती, तोंड दाराकडे. केस ओले करून विंचरलेले, अंगावर ठेवणीतली शाल. खुर्चीवरचा कपड्यांचा ढीग उचलून तिने खुर्ची समोर ओढून ठेवली होती.

"कोण आलं होतं?"

"गिऱ्हाईक."

आईने शाल काढली. मांडीवर घेऊन तिची घडी घातली, कडा जुळल्या नाहीत म्हणून मोडली आणि पुन्हा घातली.

"गिऱ्हाईकाला पाणी तरी विचारायचं होतंस," ती म्हणाली.