कायमचं पान

“नाना, अर्पितची श्रद्धांजली पोस्टमध्ये टाकतो,” प्रणव म्हणाला. देवासच्या मराठी मंडळाची वेबसाइट तो सांभाळायचा. “फक्त नवीन पोस्ट आली की जुनी खाली जाते. पेज मात्र तसंच राहतं.”

“मग माझ्या मुलाला पानच दे,” नारायणराव म्हणाले. “आज वर्षश्राद्ध आहे. घरी त्याचं पान मांडून आलोय.”

“अध्यक्ष नाही म्हणाले.”

मंडळाच्या मिरवणुकीत ढोल कोणी धरायचा यावरून भांडण झालं होतं, आणि चिंटूने लोखंडी पाइपने अर्पितचं डोकं फोडलं होतं. आता तो जामिनावर होता.

“आणि चिंटू? तो कशात आहे?”

प्रणव अडखळला. “चिंटूभिया पेजवर आहेत. युवाप्रमुख आहेत ना.”

स्क्रीनवर चिंटू फेटा बांधून हसत होता. नारायणरावांनी लॅपटॉप उचलला आणि टेबलाच्या कडेवर आपटला. पुन्हा आपटला. काच तळहातात घुसली, मनगटावरून रक्त ओघळलं, तरी ते आपटतच राहिले. स्क्रीनचा चुरा झाला तेव्हा धापा टाकत म्हणाले, “बघू आता कसा राहतो!”

प्रणव मागे सरून भिंतीला टेकला होता.

“नाना,” तो हळूच म्हणाला, “वेबसाइट यात नसते.”