मागचा आवाज

अफशीन साउंड एडिटिंग शिकत होती. कोर्स संपायच्या आतच तिला एका बातम्यांच्या चॅनलचं पहिलं खरं काम मिळालं. हडपसरच्या कारखान्यातल्या एका बाईने प्रेस मशीनवर काम करता करताच फोनवर बोलणं रेकॉर्ड करून चॅनलला पाठवलं होतं.

"पेडल एकदा दाबलं तरी मशीन कधीकधी दोनदा आपटतं. तिघींची बोटं गेली. मालक म्हणतात, मशीनला काही झालेलं नाही. ताई, माझा आवाज तेवढा ओळखू येऊ देऊ नका."

अफशीनने जीव ओतून काम केलं. आवाज जाड केला, बोलण्याची लय मोडली. बाईच्या सख्ख्या बहिणीनेही ओळखला नसता. मागचं मशीनसुद्धा ती पुसायला निघाली होती, पण कोर्सच्या सरांनी अडवलं.

"बाईचा आवाज बदल, जागेचा राहू दे. मशीन काढलंस तर बाई बाथरूममधून बोलतेय असं वाटेल. कोण विश्वास ठेवेल?"

तिने मशीन राहू दिलं. दोन दिवसांत ती क्लिप फोनाफोनांतून फिरत कारखान्याच्या मालकांपर्यंत पोचली. त्यांनी सुपरवायझरला केबिनमध्ये बोलावलं, क्लिप दोनदा ऐकली आणि तिसऱ्यांदा डोळे मिटून ऐकली.



"हे आपलं सात नंबरचं मशीन. मध्येच दोनदा आपटतंय बघा," ते म्हणाले. "त्याच्यावर कोण बसतं?"