भोंग्यावरची फर्माइश

"या गावात दिवस कोंबड्यानं उजाडत नाही, भोंग्यानं उजाडतो!" समोरच्या हॉटेलातला भोंगा गरजला आणि शांतीलालच्या हातातले खिळे तराजूतच राहिले. वाक्य त्याचं होतं. कितीदा खोडून मग कुठं जमलेलं. ज्या भोंग्याच्या विरोधात त्यानं लेख लिहिला, तोच भोंगा तो लेख अख्ख्या बस स्टँडला ऐकवत होता.

शांतीलालच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गिऱ्हाइकाला तसंच ठेवून त्यानं विकायला टांगलेली नवी पक्कड ओढून काढली.

"कुठं निघाले?" त्याच्या बायकोनं, हीराबाईनं आतून विचारलं.

"वायर तोडाले!"

कामरगावात त्याचं लोखंडी सामानाचं दुकान होतं, पण जीव लिहिण्यात. कारंज्याच्या साप्ताहिकात तो चिमटे काढणारे लेख लिही. बेलबॉटम शिवणाऱ्या शिंप्यावर, नटासारखे केस वाढवणाऱ्या पोरांवर, सण आला की भाव चढवणाऱ्या व्यापाऱ्यांवर, त्यात स्वतःवरसुद्धा. लेख छापून येत आणि गावात कुणी हूं की चूं करत नसे. दुसऱ्या दिवशी शिंपी त्यालाच नमस्कार करी. याचा त्याला भयंकर राग येई.

बाहत्तरचा दुष्काळ सरला आणि रामकिसननं आपल्या हॉटेलवर भोंगा चढवला. भज्यांची प्लेट घ्या, फर्माइशीचं गाणं ऐका. फुकट फर्माइश नाही, हा तिथला कायदा. लोक भजी हाणत आणि प्रेमभंग झालेला प्रत्येक नायक शांतीलालच्या कानाशी येऊन रडे. त्यानं विनंती केली, पंचायतीत अर्ज दिला, भांडून पाहिलं. शेवटी लेख लिहिला. त्यात भोंग्याला धुतलं, फर्माइशीला धुतलं आणि मधेच एक परिच्छेद रामकिसनच्या कढईवर टाकला. हे तेल दुष्काळाआधी कढईत पडलं. दुष्काळ गेला, तेल अजून तिथंच आहे. असं वाक्य आपल्याला पुन्हा जमायचं नाही, असं त्याला मनापासून वाटत होतं.

"लेखानं कुठं भोंगा बंद होते?" हीराबाई तेव्हा म्हणाली होती. "तुमचं लिहिलेलं वाचते कोन?"

ते झोंबलं, कारण खरं होतं. "या लेखानं भोंगा बंद नाही झाला," तो ओरडला होता, "तं मी पुन्हा लेखनीले हात लावनार नाही!"

आणि आता ही थट्टा. दात-ओठ खात तो हॉटेलात शिरला. बाकडी भरून माणसं दाराशी उभी होती. एका हातात माइक, दुसऱ्या हातात साप्ताहिक धरून रामकिसन वाचत होता, "मुलगी पाहायला आलेले पाहुणे नाव विचारतात आणि उत्तर भोंगा देतो!" हॉटेल खदखदून हसलं. आपल्यालाच हसतायत मेले, शांतीलालला वाटलं. त्यानं भोंग्याची वायर पकडीत धरली.

"रामकिसन, अजून दोन प्लेट आन," मागून दौलतराव नावाचा एक शेतकरी ओरडला. "अन् तो म्हशीवाला भाग पुन्हा लाव!"

शांतीलालचा हात थांबला.

"या, शांतीलालभाऊ!" रामकिसन माइकमधूनच बोलला. "सकाळपासून गानं कोनी मांगूनच नाही राह्यलं. तुमच्याच लेखाची फर्माइश चालू हाये."

त्यानं पुन्हा सुरुवातीपासून वाचायला घेतलं. बशीतला चहा बशीतच राहिला. भोंग्याच्या आवाजानं म्हशी पान्हा चोरतात, हे वाक्य आलं तेव्हा दौलतराव मांडीवर थाप मारून हसला आणि शेजारचा म्हातारा धोतराच्या सोग्यानं डोळे पुसू लागला. इतकी वर्षं लिहून शांतीलालनं हे कधी पाहिलं नव्हतं. तो पक्कड धरून तसाच उभा राहिला, पुढचं वाक्य ओठातल्या ओठात म्हणत.

म्हशी झाल्या, पाहुणे झाले. आता कढई. पण रामकिसननं पान जरा वर धरलं, घसा खाकरला आणि सरळ शेवटच्या परिच्छेदावर उडी मारली.

शांतीलालनं पक्कड बाकड्यावर आदळली. हसू थांबलं. सगळे त्याच्याकडे बघू लागले. रामकिसननं घाबरून माइक पोटाशी धरला.

"अरे बेइमाना!" शांतीलालचा आवाज चिरकला. बाहेरचं पाणीसुद्धा न पिणारा तो माणूस माणसं सारत पुढं गेला आणि माइकच्या अगदी समोर बाकड्यावर बसला.

"एक प्लेट भजे आन," तो गरजला. "अन् या खेपेले तेलाचा परिच्छेद गाळला, तं याद राख!"