पहिल्या मुलाचं नाव

"हा कागद काढ," आर्ची इनेस म्हणाला. "बापाच्या जागी नुसती रेघ? लोक हसतील."

"हसू देत," एल्स्पेट मेअर म्हणाली आणि तिनं पहिला खिळा ठोकला.

गावातल्या चर्चला दोनशे वर्षं होत होती. जुन्या घराण्यांच्या वंशावळी सभागृहाच्या भिंतीवर लागायच्या होत्या. आर्ची समितीचा प्रमुख. दोघं लहानपणी एका बाकावर बसलेले, त्यामुळे त्याच्या प्रमुखपणाचा एल्स्पेटवर काही परिणाम होत नसे.

पण तिच्या वंशावळीत घोळ होता, हे खरंच. तिची खापरपणजी किर्स्टी लग्नावाचून आई झाली, तीही सरकारी जन्मनोंदी सुरू व्हायच्या आधी. पुढे एका शिरगणतीत पोर तिचा मुलगा म्हणून लागलं, दुसरीत तिचा धाकटा भाऊ म्हणून. बंदरावरचं निम्मं गाव मेअर आडनावाचं, म्हणून जो तो टोपणनावावर चाले. त्या पोराला सगळे डोझी म्हणत. डोझी मोठा झाला, हेरिंग मासळीच्या मागे बोटीवर गेला, लग्न केलं, पोरं झाली आणि एका वादळात बुडाला. थडगं नाही. त्याचं खरं नाव एल्स्पेटला यंदाच्या हिवाळ्यात बाप्तिस्म्याच्या नोंदीत मिळालं. असलं नाव मेअरांच्या सात पिढ्यांत कुणाचं नव्हतं. "लिहिणारा प्यायलेला असेल," असं तिची बहीण म्हणाली. एल्स्पेटलाही तेच वाटलं. तरी तिनं ते कागदावर उतरवलं.

"चर्चच्या पंचांनी तिला तीन रविवार सगळ्या गावासमोर उभं केलं," आर्ची म्हणाला. "बापाचं नाव सांग म्हणून किती विनवलं. आमचे खापरपणजोबा होते त्यांत. देवमाणूस. पण बाईनं तोंड उघडलं नाही. तिलाच ठाऊक नसणार. कुणाकुणाचं नाव घेणार बिचारी?"

एल्स्पेटनं दुसरा खिळा ठोकला. जरा जोरातच.

"आता आमच्याकडे बघ." आर्ची सोनेरी चौकटीतल्या आपल्या वंशावळीपाशी गेला. "पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव. पाळतं सगळं गाव, पण आमच्या घरात एकदाही चुकलेलं नाही. हे खापरपणजोबा, आर्चिबाल्ड. त्यांचे वडील ल्युडोविक. म्हणून त्यांचा थोरला ल्युडोविक. मग पुन्हा आर्चिबाल्ड, पुन्हा ल्युडोविक, मग मी. मेअर काय, ढिगानं मिळतील. ल्युडोविक नाव दुसऱ्या कुठल्या घरात दाखव मला."

एल्स्पेटचा हातोडा थांबला.

पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव. तिच्या भावाचं तसंच ठेवलं होतं, तिच्या मुलाचंही. ही रीत तिला बाळकडूबरोबर मिळालेली. फक्त किर्स्टीला ती लावून बघायचं कधी सुचलं नव्हतं. जिच्या पोराला बापच नाही, तिला कसली रीत?

तिनं दोन्ही खिळे उपटले आणि कागद उतरवला.

"शहाणी गं माझी," आर्ची म्हणाला. "राग मानू नकोस."

कागद घेऊन एल्स्पेट त्याच्या सोनेरी चौकटीपाशी आली आणि तिनं तो चौकटीला अगदी चिकटवून भिंतीवर धरला. चारही कोपरे ठोकले. मग बाजूला झाली.

"वाच."

आर्चीनं चष्मा सावरला. किर्स्टी मेअर. तिच्या शेजारी ती रेघ. खाली तिचा पहिला आणि एकुलता एक मुलगा, 'डोझी' ल्युडोविक मेअर. जन्म, इनेसांच्या थोरल्या ल्युडोविकच्या पाच वर्षं आधी.

आर्चीची मान लाल होत गेली. "हे... हे कुणाला कळायची गरज नाही, एल्स्पेट."

"कळायचं काय राहिलंय? पोराच्या बाप्तिस्म्याला पहिल्या बाकावर पंच, मागे सगळं गाव. त्या दिवशीच कळलं सगळ्यांना." तिनं हातोडा पिशवीत टाकला. "बाईनं तोंड उघडलं नाही म्हणालास ना? खरंय. तिनं ते नाव भर चर्चमध्ये पाद्र्याच्या तोंडून वदवून घेतलं."