पांड्यांच्या खोलीतली कबुतरं

पिंजऱ्याची गाडी दाराशी येऊन लागली, तरी लाल पांड्यांचं जोडपं एकमेकांकडे पाठ करूनच बसलं होतं. नर एका फांदीवर, मादी दुसरीवर.

प्राणिसंग्रहालयाच्या डॉक्टरीणबाई काचेतून बघत होत्या. या दोघांचा संसार मांडून द्यायला त्यांनी जिवाचं रान केलं होतं. मंद दिवे, गार हवा, आसपास बोलायला बंदी. जगात मोजके उरलेत, त्यातले हे दोन, आणि त्यांना एकमेकांचं तोंड बघायचं नव्हतं. आज मादीची पाठवणी होती, दुसऱ्या शहरात, दुसऱ्या नराकडे.

त्याच खोलीत छताखालच्या पत्र्यावर कबुतरांनी चार काटक्या टाकून अंडी घातली होती. यंदाची तिसरी खेप.

"यांना गार हवा लागत नाही," रखवालदार म्हणाला. "पंखा खडखडतोय, खाली मी झाडू मारतोय, तरी यांचं आपलं चालूच."

"तुलना नको, मामा."

"मी कुठे करतोय? साहेबच म्हणत होते, बाहेरची पाटी बदलून कबुतरांची लावा."

तेवढ्यात साहेब आलेच. "चला बाई, सूनबाईंना निरोप द्या."

"आणखी एक हंगाम द्या, साहेब. हातातोंडाशी आलंय."

"कुठे आलंय? मला काहीतरी दिसू दे तरी!"

आत मादी उठली. सर्वांत वरच्या फांदीवर चढून घरट्याकडे टक लावून बसली. नर मागोमाग गेला आणि तिला चक्क खेटून बसला. कबुतरी जरा सरकली, अंडी दिसली. दोन्ही माना एकदम पुढे झाल्या.

साहेब काचेशी सरकले. "अहो, यांना लेकरांची ओढ लागली!"

त्यांनी खिडकीतून ड्रायव्हरला परत जायची खूण केली. "कबुतरांना कुणी हात लावायचा नाही. शिकू देत दोघांना काहीतरी." आणि नाक पुसत ते निघून गेले.

लाल पांडा बांबू खातो, हे संग्रहालयात सगळ्यांना ठाऊक होतं. मिळाली तर अंडीही खातो, हे एकट्या डॉक्टरीणबाईंना.

"बाई, खरंच ओढ लागली हो?" रखवालदाराचे डोळे भरून आले होते.

आत नराने ओठांवरून जीभ फिरवली. मग मादीनेही.

"लागली तर आहेच," बाई म्हणाल्या. "तुम्ही ती वरची फांदी तेवढी आत्ताच्या आत्ता छाटा."