चढावर थांबलेली ट्रॉली
पेंटशॉपच्या चढावर ट्रॉली पुन्हा थांबली. साहेबरावानं हातातला दांडा पुढं-मागं करून पाहिला. आतून दोनदा टकटक झालं आणि मग तेही बंद पडलं. मागं गिअरच्या पेट्या, त्यांच्यामागं खोळंबलेल्या हातगाड्या, आणि प्रत्येक हातगाडीवाला जन्मजात इंजिनियर. साहेबराव त्यांचे सल्ले ऐकत कुबडी काढून खाली उतरला आणि त्यानं इलेक्ट्रिशियन हनीफला बोलावणं धाडलं.

बॅटरीवर चालणारी ही ट्रॉली पिंपरीच्या त्या कारखान्यात एकुलती एक होती. लोखंडी पेटी पडून साहेबरावाचा पाय गेला, तेव्हा कंपनीनं त्याला हे काम दिलं, कारण ट्रॉली हातानं चालायची. आता मोठ्या साहेबांच्या मनात डिझेलची फोर्कलिफ्ट भरली होती. तिला पायानं दाबायचं पेडल. ट्रॉली भंगारात गेली की साहेबराव घरी, हे शेंबडं पोरसुद्धा सांगू शकलं असतं. त्याच्या बायकोला, प्रभावतीला, त्यानं अजून काही सांगितलं नव्हतं.

हनीफच्या आधी फोरमन मारुतराव येऊन उभे राहिले.

"दसरा झाल्यापास्नं हे असंच चाललंय. पाइप लावून धुतलीस तू गाडी. कबूल कर नि मोकळा हो."

"न्हाई धुतली, मारुतराव. फडक्यानं पुसतो फक्त."

"मग आत ओल काय आभाळातनं पडली? गाडी ठेवायची का भंगारात घालायची, ते आज साहेबाला सांगायचंय. मी खोटं बोलणार न्हाई, सांगून ठेवतो."

मारुतराव भोसरी गावठाणातले, गळ्यात माळ, मनानं सरळ. पण एकदा डोक्यात काही घेतलं की ब्रह्मदेव खाली उतरला तरी ऐकायचे नाहीत.

ट्रॉली ढकलत शेडमध्ये नेली. हनीफनं मीटर काढला. चारही बॅटऱ्या एकेक करून तपासल्या. एकही मेलेली नव्हती, सगळ्याच अर्ध्या रिकाम्या होत्या. मग त्यानं मीटरची एक वायर बॅटरीला लावली आणि दुसरी ट्रॉलीच्या उघड्या लोखंडाला. काटा हलायला नको होता. तो चांगला वर चढला.

"करंट गळतोय," हनीफ म्हणाला. "रात्री चार्ज केलेली बॅटरी उभ्या उभ्या रिकामी होते. सपाटीवर चालते, चढ आला की दम संपतो."

"म्हंजे पाणीच की."

"साधं पाणी एवढे दिवस टिकतं होय, मारुतराव? कधीच वाळलं असतं."

त्यानं बॅटऱ्या उचलून बाहेर ठेवल्या. खालच्या लोखंडी तळात काळपट, चिकट रस साचला होता. त्यात झेंडूच्या कुजलेल्या पाकळ्या होत्या आणि करवंटीचा एक तुकडा. हनीफनं तो पकडीनं उचलून उजेडात धरला.

"हा खंडेनवमीचा नारळ. बॅटरीच्या झाकणावरच फोडलाय कुणीतरी. झाकणाला हवेसाठी फटी आहेत, त्यातनं सगळं पाणी खाली. त्यात ॲसिड मिसळलं की ते वाळत नाही, करंट पीत बसतं."

खंडेनवमीला कारखान्यातली सगळी यंत्रं धुऊनपुसून त्यांना हार घालतात, नारळ फोडतात. ही ट्रॉली तेवढी कोरी राहायची. साहेबरावाच्या घरानं दीक्षा घेतल्यापासून पूजाअर्चा सोडली होती, आणि दसऱ्याला तो न चुकता नागपूरला जायचा. हनीफ पेढा घ्यायचा आणि बंद यंत्रांचे स्विच तपासायला निघून जायचा. दोघांनाही त्यात कधी काही उणं वाटलं नव्हतं.

साहेबराव त्या पाकळ्यांकडं बघत राहिला. इतके दिवस त्याला नुसती भीती वाटत होती, आता मात्र राग आला.

"मी नागपुरात, आणि माझ्या मागं माझ्या गाडीवर नारळ. वर दोषही माझाच. ज्यानं फोडला त्याचं नाव घ्या साहेबापुढं."

मारुतरावांनी डोक्यावरची टोपी काढली. हनीफला वाटलं, घाम पुसतायत.

"घेतो," ते म्हणाले. "मीच फोडला."

साहेबराव कुबडी टेकवत त्यांच्याकडं वळला.

"समद्या मशिनींना हार, आन तुझी गाडी तेवढी भुंडी. बरं न्हाई वाटलं. एक पाय गेलाय तुझा, दुसऱ्याला काय व्हायला नगो, म्हणून फोडला. तुला चालत न्हाई म्हणून तू यायच्या आत हार काढला, झाकण पुसून ठेवलं. आत पाणी गेलंय हे ध्यानातच आलं न्हाई रे."

हनीफ कामाला लागला. सोड्याच्या पाण्यानं तळ धुतला, वाळवला, बॅटऱ्यांखाली रबराचे पट्टे घातले. जुन्या बारीक वायरी काढून जाड टाकल्या. झाकण बिनफटीचं केलं आणि हवेसाठी बाजूला भोकं पाडली. चार्ज करून दुपारी पेट्या लादल्या, तर ट्रॉली पेंटशॉपचा चढ नवी असतानासुद्धा चढली नसेल अशी चढून गेली.

मारुतराव साहेबांच्या केबिनमधून परतले, तेव्हा साहेबराव ट्रॉलीवरच बसून होता.

"सांगितलं समदं. चूक माझी, गाडी चांगली हाय, डायवर चांगला हाय. ट्रॉली ऱ्हायली. तूबी ऱ्हायलास." मारुतरावांनी टोपी डोक्यावर नीट बसवली. "पुढच्या दसऱ्याला मी हिच्या वाऱ्यालाबी उभा ऱ्हात न्हाई, बाबा."

साहेबरावानं त्यांना बसायला फळीवर जागा करून दिली.

"मी हात जोडणार न्हाई, मारुतराव. पण तुम्हाला फोडायचाच असला, तर मी नागपूरहून आल्यावर फोडा. कुठं फोडायचा ते मी दाखवतो."